एक ते तीन

टपालपेटीतून काढलेलं पत्र रोसविटा टीलेनं जिन्याच्या पहिल्याच पायरीवर उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि पुन्हा पाकिटात घातलं. नाव चुकलं असणार. गृहसंस्थेच्या कचेरीत हल्ली नवी पोरं भरलीत, त्यांना डावं दार कुठलं नि उजवं कुठलं ते कळत नाही. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नाव तिचंच होतं, मजला दुसरा. मग तिनं पत्र परत काढलं आणि नीट वाचलं. ‘दुपारी एक ते तीन या शांततेच्या वेळेत आपल्या घरातून रोज आवाज येतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. कृपया घराचे नियम पाळावेत.’ घराचे नियम तिच्या डाव्या हाताला भिंतीवरच होते, काचेच्या चौकटीत. त्र्याऐंशी साली एक अख्खा रविवार घालवून, दोन बोटांनी, तिनंच ते टाइप केले होते. गालिचे फक्त मागच्या अंगणात धोपटावेत. भिंतीला भोकं पाडायची ती तीननंतर. वाद्यं एक ते तीन बंद. ‘बंद’ या शब्दाखाली तिनं रेघ मारली होती आणि ती मारताना कागद जरासा फाटला होता, तो फाटका कोपरा अजून दिसत होता. त्या काळी या घरात नऊ मुलं होती. ती तिला ‘एक ते तीन’ म्हणत. ‘एक ते तीन आली रे,’ म्हणून जिन्यातून पळत सुटत. तिला ते ठाऊक होतं, आणि राग यायच्या ऐवजी तिला मनातून बरंच वाटायचं. पळत असली तरी ती मोजे घातलेल्या पायांनी पळत.

आता घरात तीनच बिऱ्हाडं उरली होती. पहिल्या मजल्यावर नोआक मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे. दुसऱ्यावर ती. तिसऱ्यावर दोरोता नावाची पोलिश पोरगी, नदीपलीकडून आलेली, इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका. म्हणजे तक्रार या दोघांपैकीच कुणाची तरी. रोसविटा वर आली, कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि आवाज शोधू लागली. दूरदर्शन दुपारी ती लावत नाही. कपडे धुवायचं यंत्र सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाच्या आत. तिनं खुर्च्या एकेक करून उलट्या केल्या. प्रत्येक पायाखाली लोकरी कापडाची चकती जागच्या जागी चिकटलेली. शीतकपाटाच्या दारावर तिनं तळहात टेकला, ते हाताला बारीक थरथरलं, पण ते काय सगळ्यांकडेच थरथरतं. भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षांपूर्वीच मुकं झालं होतं. काटे फिरत, टिकटिक येत नसे. दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, घड्याळाला काही झालेलं नाही. तिला तो कामचुकार वाटला होता.

या घरात दुपारी आवाज, ही गोष्टच तिला कळत नव्हती. बावीस वर्षं एगोन रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. सकाळी सातला तो घरी यायचा, बागेच्या तुकड्यात जरा खुरपायचा, आणि जेवून बाराला आडवा व्हायचा. तिची कापडगिरणीत पहिली पाळी. एका खात्यात चाळीस माग, आणि त्या चाळिसांचा मिळून असा एक गजर, की पहिल्या आठवड्यात तिला वाटलं होतं आपले दात सैल होतायत. बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचत. तोंडं मोठी उघडून, न ओरडता, मागांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चहाड्या चालत, आणि मुकादमाला एक अक्षर कळत नसे. तिथून सुटून ती एकला घरी पोचायची. दाराबाहेरच बूट काढायची. किल्ली फिरवताना श्वास धरायची. आत आलं की त्या झोपेच्या खोलीचं बंद दार, आणि अलीकडे ती, आणि मध्ये दोन तास. मागांच्या गजरातून त्या दोन तासांत शिरणं म्हणजे तापलेल्या अंगानं तळ्यात उतरण्यासारखं होतं. ती बटाटे सोलायची, शिवायची, काही नाही तर नुसती बसायची. त्यांच्या संसारातला सगळ्यात जवळचा वेळ तोच असावा असं तिला पुढे वाटू लागलं. तो झोपला आहे, आणि ती त्याची झोप राखते आहे. भांडणं संध्याकाळी होत, पैपाहुणे रविवारी. एक ते तीन मात्र कुणाचं बोट लागलेलं तिला खपत नसे. त्यासाठी तिनं पोरांना दटावलं, गालिचे धोपटणारीला अंगणातून हाकललं, आणि चौदा वर्षांपूर्वी नोआक मास्तरांनी पुस्तकांच्या फळीसाठी दुपारी दीडला भिंतीला भोक पाडलं तेव्हा सरळ कचेरीत पत्र टाकलं. तोवर कारखाना नि गिरणी दोन्ही कधीच बंद पडले होते, एगोनला झोपायचं काही कारण उरलं नव्हतं. पण अंगाला लागलेली सवय, तो झोपायचाच. मास्तरांना ताकीद आली. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की टोपीला हात लावत, तोंड उघडत नसत.

चारला ती वर गेली. दोरोतानं दार उघडलं, केस ओले, हातात कॉफीचा पेला. रोसविटानं पत्र तिच्यापुढे धरलं.

“हे तू लिहायला लावलंस का?”

दोरोतानं वाचलं. तिचे ओठ छान हलत, स्पष्ट, म्हणून तर ही परदेशी पोरगी रोसविटाला घरातल्या जुन्या लोकांपेक्षा बरी वाटायची. “नाही हो, टीलेबाई. मी कशाला लिहू? मला सवय झालीय.”

“कसली सवय?”

“तुमच्या बोलण्याची.”

“माझ्याकडे बोलायला आहे कोण?”

पोरगीनं पेला खाली ठेवला. आता ही काहीतरी सांभाळून बोलणार, हे तिच्या चेहऱ्यावर आधी आलं. “एगोन आहेत ना,” ती म्हणाली. “रोज एक वाजला की तुम्ही त्यांच्याशी बोलता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. मला तर झोप येते त्यावर, आमची आजी माळ ओढत पुटपुटायची तेव्हा यायची तशी. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांना हेरिंग माशाबरोबर कांदा चालत नव्हता हे मला माहितीय. आणि मागं तुम्ही त्यांना सांगत होतात, की वरच्या पोरीनं सायकल जिन्यात उभी करून ठेवलीय, काही वळण नाही म्हणून. मी लगेच तळघरात नेली.”

सायकल नेली तेव्हा रोसविटाला वाटलं होतं, पोरगी आपणहून सुधारली. तिनं कठड्यावर हात ठेवला. लाकूड गार होतं. “हळू बोलत असेन,” ती म्हणाली. “पुटपुटत.”

“नाही, टीलेबाई,” दोरोता म्हणाली. “मोठ्यानं. कान दाखवून घ्या तुम्ही. मी येते बरोबर, सोमवारी माझी सुट्टी आहे.”

खाली आल्यावर रोसविटानं कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून घातला, पुन्हा लावला. जिन्याला कान असतात, हे ती आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आली होती. आता तिच्या डोक्यातल्या खोलीची भिंत कुणीतरी बाहेरच्या बाहेर पाडून टाकली होती, आणि आतली ती, अंतर्वस्त्रात, केस सोडून बसलेली, सगळ्या घराला दिसत होती. किती दिवस? आणि आपण काय काय बोललो? कांदा आणि सायकल एवढंच नसणार. एगोनशी ती सगळंच बोलायची. मनातल्या मनात. मनातल्या मनात हे शब्द आठवून तिला लाज वाटली, तशीच एक प्रकारची चीडही आली, की माणसाचं मन इतकं भोकाभोकांचं असावं आणि त्याला स्वतःला पत्ता नसावा.

शुक्रवारी एकला ती नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. ओठ घट्ट मिटले. मग तिला एक सुचलं. तिनं उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवली, माग चालू असताना दोरा ताणलेला आहे की सैल हे बघायला ठेवायची तशी. बोटांखाली काही नव्हतं. ती समोरच्या छपरावरची कबुतरं बघत राहिली. पानगळ चालू होती, शेजारच्या चेस्टनटची मोठी पिवळी पानं खिडकीवर येऊन अडत होती. आज बाजारात बटाटे चांगले मिळाले, तिला वाटलं, तुला आवडायचे तसले, पिठूळ. संध्याकाळी चक्का आणि जवसाचं तेल घेऊन खाईन. आणि बोटांखाली काहीतरी गुरगुरलं. तिनं बोटं दचकून काढली आणि पुन्हा ठेवली. तुला काय, तुझं बरं आहे. गुरगुर. तू एकदा हाक मारली असतीस, तर मी आले असते. गुरगुर, गुरगुर, गळ्यातून हाडापर्यंत. हवेत मात्र काहीच नव्हतं. स्वच्छ, गुळगुळीत शांतता, ती इतकी वर्षं जपत आलेली. ती शांतता या घराची नव्हती तर. ती तिच्या कानांची होती.

आणि मग हे सगळं कुठल्या दिवसाकडे तोंड करून उभं होतं ते तिला दिसलं. अकरा वर्षांपूर्वी, मार्चातल्या एका मंगळवारी, एगोन बाराला आडवा झाला. ती इथंच बसली होती. दार बंद. तिला त्या दुपारबद्दल आठवायचं ते एवढंच, की ती फार सुंदर दुपार होती, एक चमचा वाजला नाही. तीनला ती कॉफी घेऊन आत गेली. डॉक्टर म्हणाले, दोनच्या सुमारास गेले असावेत, शांतपणे गेले. दफनाच्या दिवशी सगळे तेच म्हणाले. शांतपणे गेला. तिनं ते वाक्य घरी आणलं आणि त्यावर अकरा वर्षं काढली. पलीकडच्या खोलीत जीव जात होता आणि ती बटाटे सोलत होती, याला उत्तर तेवढंच होतं, की काही ऐकू आलं नाही. म्हणजे काही झालंच नाही. हाक नाही, कण्हणं नाही. आता तिला आठवलं, की शेवटची चार-पाच वर्षं एगोन बोलायच्या आधी तिच्या खांद्याला हात लावायचा. आधी हात, ती वळली की मग शब्द. आयुष्यभर रुक्ष असलेला माणूस म्हातारपणी मऊ झाला म्हणून ती हरखली होती, बहिणीला पत्रात लिहिलंही होतं. त्याला ठाऊक होतं. तिला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तिला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. त्या मंगळवारी तिचा खांदा त्याच्या हातापासून एका भिंतीइतका लांब होता.

दीड वाजला होता. रोसविटा उठली, मोज्यांवरच जिना उतरली आणि नोआक मास्तरांच्या दाराची घंटी दाबली. दुपारच्या वेळी या घरात तिनं कधी कुणाची घंटी दाबली नव्हती. बोट तिथंच राहिलं, किती वेळ कोण जाणे, कारण दार उघडलं तेव्हा मास्तरांनी आधी तिचं बोट हातानं बाजूला केलं. गळ्यात रुमाल, पांढऱ्या मिशांचा झुपका खालच्या ओठापर्यंत आलेला. त्या मिशांमुळे त्यांचं बोलणं तिला कधीच लागलं नव्हतं. माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो, शिष्ट आहे, असं ती समजायची. मिशा हलल्या.

“मोठ्यानं बोला, मास्तर,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं होतं, आणि ते बाहेर कसं वाजलं हे तिला कळलं नाही.

“आत या,” मास्तर मोठ्यानं म्हणाले.

स्वयंपाकघर तिच्याच स्वयंपाकघराच्या खाली, तेवढंच, फक्त भिंतीवर जुने शाळेचे नकाशे. टेबलावर अर्धवट जेवलेली ताटली. ती बसली. मास्तर समोर बसले, आणि मग तिची अडचण बघून खुर्ची ओढत शेजारी आले, तिच्या उजव्या कानाशी.

“पत्र तुम्ही लिहिलंत?”

“मीच.”

“इतका आवाज येतो माझा?”

“शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका.”

“मग दार वाजवून सांगायचं होतं. कचेरीत कशाला कळवायचं?”

“माझ्या भोकाच्या वेळी तुम्ही कुठं दार वाजवलं होतंत?” मास्तर म्हणाले, आणि लगेच हात हलवून ते वाक्य पुसल्यासारखं केलं. “ते जाऊ द्या. आवाजाचं नव्हतंच, टीलेबाई. तुम्ही दिवसभर बोललात तरी मला चालेल. इथं दुसरं कोण बोलतं? पण तुम्ही त्याला रोज एकच विचारता. हाक का नाही मारलीस. मारली असतीस तर आले असते. दोन वर्षं झाली, रोज, जेवायला बसलो की. मला ऐकवेना.”

“का?”

मास्तरांनी काटा ताटलीत सरळ लावून ठेवला.

“कारण मारली होती.”

हे तिला पहिल्या फटक्यात ऐकू आलं. बाहेर कुठंतरी गाडी गेली असावी, खिडकीची काच हलताना दिसली. मास्तर आता तिच्याकडे न बघता, नकाशाकडे बघत, वर्गात सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून बोलत होते, आणि काही शब्द तिला मिळत होते, काही ती त्यांना पुन्हा सांगायला लावत होती. त्या मंगळवारी पावणेदोन वाजले होते. ते इथंच बसले होते. वरून हाक आली. जरा वेळानं पुन्हा एकदा. तुमची खुर्ची सरकेल म्हणून मी कान दिला, ते म्हणाले, पण तुमच्या खुर्च्या कधी वाजल्यात? म्हटलं, गेली असेल त्याच्याकडे आत. तरी उठलो. दारापर्यंत गेलो, कडीला हात घातला. आणि मग मनात आलं, तीन वाजायला अजून सव्वा तास आहे, आत्ता जाऊन घंटी वाजवली तर बाई पुन्हा पत्र लिहील.

“पत्राच्या भीतीनं,” मास्तर म्हणाले. “त्र्याहत्तर वर्षांचा बाप्या, तीस वर्षं पोरांना उभं आडवं घेतलेला. पत्राच्या भीतीनं परत येऊन बसलो. तीनला तुमची किंकाळी आली.”

रोसविटाला आपण किंचाळलो होतो हे आठवत नव्हतं. ती ताटलीतल्या तेलाकडे बघत होती. पिवळं जवसाचं तेल, त्यात चक्क्याचा एक पांढरा गोळा, कडेनं विरघळत चाललेला. राग कुणाचा तरी यायला हवा होता. तो तिच्या पोटात उठलाही, मास्तरांपर्यंत गेला, तिथं त्यांचे म्हातारे, डाग पडलेले हात टेबलाची कड धरून बसलेले बघून जिन्यात उतरला, काचेच्या चौकटीपाशी गेला, आणि तिथं ‘बंद’ खालच्या त्या फाटक्या रेघेवर येऊन थांबला. हा माणूस अकरा वर्षं हे घेऊन तिच्या पायाखाली राहत होता. जिन्यात टोपीला हात लावत होता.

“काय म्हणून हाक मारली?” तिनं विचारलं.

“तुमच्या नावानं.”

“कुठल्या?”

“रोझी.”

हे नाव मास्तरांना तिच्या बडबडीतून कळणं शक्य नव्हतं. स्वतःला स्वतःच्या लाडक्या नावानं कोण हाक मारतं? चारचौघांत एगोन तिला रोसविटा म्हणायचा. रोझी फक्त त्या दाराआडचं होतं. म्हणजे हे खरं होतं, म्हातारा तिची समजूत घालत नव्हता, आणि कुठंतरी खोल, या सगळ्याच्या तळाशी, तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली, ती अशी की तो एकटा, मुक्यानं गेला नव्हता. जाताना त्याच्या तोंडात ती होती.

“घाबरून मारली?”

मास्तरांनी विचार केला. घाईनं ‘नाही’ म्हणाले नाहीत, त्यामुळे तिचा विश्वास बसला. “पहिली नाही. चष्मा कुठं ठेवलास म्हणून मारतात तशी. दुसरी जरा मोठी होती.”

“तशी मारून दाखवा.”

“टीलेबाई.”

“मला ऐकायचीय ती.”

मिशा हलल्या. मास्तरांनी म्हटलं असावं, पण तिच्यापर्यंत काही आलं नाही. तिनं मान हलवली. ते पुन्हा म्हणाले, तिच्या कानाशी वाकून. त्यांचा श्वास तिच्या गालाला लागला, बाकी नुसता गुळगुळीतपणा. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दोनला दहा कमी होती, मग छताकडे पाहिलं, वर झोपलेल्या पोरीची आठवण आली असणार.

“मोठ्यानं, मास्तर,” ती म्हणाली.

तेव्हा ते उठले. एका हातानं टेबलाची कड धरली, छाती भरून घेतली, आणि बंद दार, मधली भिंत, जिना, सगळं ओलांडून जाईल अशी हाक मारली. रोझी. फळीवरचे पेले एकमेकांना लागलेले तिला दिसले. आणि फार लांबून, पाण्याखालून यावं तसं, बारीक, पण पुरतं, दोन्ही अक्षरं धरून, तिचं नाव तिच्यापाशी येऊन पोचलं.

“आले,” ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

जायला कुठं नव्हतं. ती टेबलापाशीच उभी राहिली. मास्तरही उभेच होते, धाप लागलेले, आणि त्यांची मान दाराकडे वळली, कारण वरून कुणीतरी धावत जिना उतरत असावं.